एक्स्पोला जाताना पाण्याची गन धरणाऱ्या माणसाला सोबत न्या

कार वॉश सेंटर चालवणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब झालीये, पण पुढच्या काही महिन्यांत कुठल्या प्रदर्शनाला जायचा बेत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दीड महिन्यापूर्वी कार वॉशच्या सामानाचं तीन दिवसांचं प्रदर्शन करून आले. आमच्याकडे सेंटर उघडल्यापासून असलेला जो सगळ्यात जुना वॉशर आहे, त्याला यावेळी सोबत नेलं होतं. ओळखीच्या मालकांनी विचारलं, "त्याला कशाला? इकडे एक माणूस कमी, वर त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च." त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, आधी मीही असाच हिशोब करायचे. आता माझं मत पक्कं झालंय. गाडी ज्याच्या हाताने धुतली जाते तो माणूस तुमच्यासोबत हवाच. एकालाच पाठवणं परवडत असेल तर स्वतः मागे थांबा आणि त्याला पाठवा.

चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकटीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका स्टॉलवर हाय प्रेशर पंप बघितला. स्टीलची फ्रेम, आवाज कमी, आणि "हा भाव फक्त शो संपेपर्यंत". उभ्या उभ्या ॲडव्हान्स देऊन मोकळी झाले. पंप पाच महिने उत्तम चालला, मग प्लंजरच्या, म्हणजे पंपात पाणी ढकलणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून पाणी गळायला लागलं. सील झिजणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पंपाची सीलं नेहमीच्या मापाची नव्हती. ती फक्त कंपनीकडेच मिळायची आणि कंपनीकडे माल शिल्लक नव्हता. सहा आठवडे एक बे, म्हणजे गाडी धुवायची एक जागा, बंद राहिला. पंप बसवला त्याच दिवशी आमच्या या माणसाने पुस्तिकेतलं चित्र बघून मला सांगितलं होतं, "ताई, याची सीलं वेगळी दिसतायत, आपल्या दुसऱ्या पंपाची याला बसणार नाहीत." तेव्हा ॲडव्हान्स देऊन महिना उलटला होता.

म्हणून यावेळी तो सोबत. त्याने केलेली पहिलीच गोष्ट सांगते.

एका मोठ्या स्टॉलवर फोमचा डेमो चालू होता. काळी चकचकीत गाडी, तिच्यावर पांढरा घट्ट फोम, भोवती मोबाइल घेऊन माणसं. आमचा माणूस पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि मागच्या चाकाच्या वरच्या कमानीत आतपर्यंत हात घातला. बाहेर काढलेला हात कोरडा आणि स्वच्छ. स्टॉलवाल्याला म्हणाला, "साहेब, ही तर धुतलेलीच गाडी आहे." कसलाही खोचकपणा नव्हता, सरळ सांगत होता. मग विचारलं, "वाळलेला चिखल असलेला एखादा पत्रा आहे का? त्यावर मारून दाखवा."

पत्रा नव्हता. फोम किती दाट आहे यावरून तो मळ किती काढेल हे कळत नाही. दाटपणाचा उपयोग एवढाच, की तो उभ्या पत्र्यावर जास्त वेळ चिकटून राहतो आणि आतल्या रसायनाला काम करायला वेळ मिळतो. मळ सोडवतं ते रसायन. नुसता जाड फोम हवा असेल तर तो कमी दर्जाच्या शाम्पूचाही निघतो. डेमोत हा फरक दिसणं शक्यच नाही, कारण धुतलेल्या गाडीवर सगळेच फोम सारखे.

पंपांच्या स्टॉलवर माझी तयारी कामी आली. हा हिशोब सगळ्यांनी मोबाइलमध्ये लिहून ठेवा: बार (म्हणजे दाब) गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले ६००. येतात ते पाण्याला लागणारे किलोवॅट, मोटर त्याहून थोडी मोठी लागते. एका ठिकाणी पाटीवर २०० बार, १५ लिटर प्रति मिनिट, मोटर २.२ किलोवॅट असं होतं. २०० गुणिले १५ म्हणजे ३०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. २.२ च्या मोटरमधून ५ कुठून येणार? मी हे विचारलं तेव्हा तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं की दोन्ही कमाल आकडे आहेत, पण एकाच वेळी मिळत नाहीत. १५ लिटर घेतले तर दाब ८० बारच्या आसपास राहील. पाटी खोटी नव्हती, पण ती वाचून घेणारा माणूस फसणारच.

मी आकडे तपासत होते तोवर आमच्या माणसाने गन हातात घेतली होती. ट्रिगर दाबून धरून तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं झाली असतील. मग गन खाली ठेवून बोटं उघडमिट केली आणि म्हणाला, "ही नको. दिवसभरात मनगट जाईल." शेजारच्या स्टॉलवरची गन हलकी होती, ट्रिगर मऊ होता, शिवाय होजच्या जोडाला फिरकी होती, त्यामुळे पाइपला पीळ पडत नव्हता. असं काही कॅटलॉगात लिहिलेलं नसतं. मीही कधी बघितलं नसतं, कारण आठ तास गन मी धरलेलीच नाही.

त्याच स्टॉलवरच्या एका वयस्कर सर्व्हिस इंजिनिअरकडून कळलेली गोष्ट: प्रेशर कमी झालं की सगळे पंप उघडतात, पण बऱ्याचदा झिजलेलं असतं गनच्या टोकाचं नोझल. भोक मोठं झालं की दाब उतरतो. आधी नवं नोझल लावून गेज बघा, मग पंपाला हात लावा. एवढं सांगून त्यांनी आम्हाला काहीच विकलं नाही. त्यांचं कार्ड मात्र मी वेगळ्या कप्प्यात ठेवलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः ही पोस्ट लिहायला बसले ती.

आमच्या या माणसाच्या तळहातांना भेगा आहेत. अंगठ्याच्या मुळाशी एक भेग तर कायमची उघडी असते. इतकी वर्षं मी ते "पाण्यातलं काम आहे, होणारच" म्हणून सोडून दिलं होतं. यावेळी पर्समध्ये पीएच, म्हणजे द्रावण आम्ल आहे की अल्कली, ते तपासायच्या पट्ट्या घेऊन गेले. एका स्टॉलवर प्री-वॉशचं, म्हणजे शाम्पूच्या आधी मारायचं, केमिकल "एकदम न्यूट्रल, हाताला काही होत नाही" म्हणून दाखवत होते. झाकणात चार थेंब घेऊन पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. डबीवरच्या रंगांशी ताडून बघितलं तर १२ च्या जवळ. न्यूट्रल म्हणजे ७. पीएचच्या मोजणीत एकेका अंकाला दहापटीचा फरक पडतो, तेव्हा ७ आणि १२ मधलं अंतर केवढं ते बघा. अल्कलाइन प्री-वॉश वाईट असतं असं नाही, तेलकट मळ त्यानेच सुटतो. पण जे गाडीवरचं तेल काढतं ते कातडीतलंही तेल काढतं. मग भेगा पडणार नाहीत तर काय? हातमोजे, योग्य प्रमाणात पाणी आणि खरं लेबल मिळालं तर तेच केमिकल सुरक्षितपणे वापरता येतं. न्यूट्रल म्हणून विकलं की मोजे कोणी घालत नाही.

म्हणून प्रत्येक केमिकलच्या स्टॉलवर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलच्या धोक्यांचा आणि काळजीचा माहितीपत्रक, मागा. त्यात १६ भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर दुसरा भाग धोक्यांचा, तिसरा घटकांचा, चौथा प्रथमोपचाराचा आणि आठवा हातमोजे-चष्म्याचा, एवढे चार वाचाच. व्हील क्लीनर घेताना तिसऱ्या भागात हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड दिसलं तर मी तरी तो डबा माझ्या सेंटरमध्ये येऊ देणार नाही. ते आम्ल कातडीतून आत जातं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. सौम्य द्रावण असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी दुखायला लागतं आणि तोपर्यंत इजा खोल गेलेली असते. ब्रेकच्या काळ्या धुळीवर झटपट काम करतं म्हणून हे वापरलं जातं. अलॉय व्हील दोन मिनिटं आधी चमकावी म्हणून कोणाची बोटं धोक्यात घालायची?

काही स्टॉलनी शीट लगेच मोबाइलवर पाठवली. एकाने मात्र सांगितलं, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." मला याचा राग आला आणि अजूनही आहे. आपण मालक मंडळी विचारत नाही म्हणूनच त्यांना असं म्हणता येतं.

पाण्याचं सांगते. सोबत दोन बाटल्या नेल्या होत्या, एकीत आमचं साधं पाणी, दुसरीत रिसायकलच्या टाकीतलं, म्हणजे धुतलेलं पाणी परत वापरायला साठवतो त्यातलं. काचेवर पाणी सुकल्यावर पांढरे डाग राहतात ही आमची जुनी डोकेदुखी. एका स्टॉलवर सॉफ्टनर लावा, डाग बंद, असं सांगितलं. थोडं खोदून विचारलं की कळतं, सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, म्हणजे टीडीएस, जवळपास तेवढंच राहतं. शाम्पू चांगला काम करतो, डाग पुसायला सोपे जातात, पण पडायचे थांबत नाहीत. शेवटच्या रिन्सला डाग नको असतील तर आरओसारखं, क्षार काढलेलं पाणी लागतं. आरओतून बाहेर जाणारं खारट पाणी पहिल्या रिन्सला, चाकांना आणि खालच्या बाजूला वापरता येतं, ते गटारात सोडू नका.

दुसऱ्या बाटलीला फारसं कोणी हात लावेना. वास येतो ना. शेवटी एका कोपऱ्यातल्या छोट्या स्टॉलवर पाणी शुद्धीकरणाचं काम करणाऱ्या एका माणसाने ती घेतली, झाकण उघडलं, नाकाजवळ नेली आणि विचारलं, "रात्री सगळं बंद करून जाता का?" आम्ही दोघांनी एकदम मान डोलावली. मग आमच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, "गाळ किती दिवसांनी काढता?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन महिने झाले असतील." मला वाटत होतं दर पंधरवड्याला निघतो. आमच्या वहीतही तसंच लिहिलेलं होतं.

तिथे मी त्याला काही बोलले नाही. नंतर कळलं की गाळ काढायला दोन माणसं लागतात आणि गर्दीच्या दिवसांत मीच दुसरा माणूस तिथून उचलत होते.

वासाचं कारण सरळ होतं. साठलेल्या पाण्यातला ऑक्सिजन रात्रीत संपतो, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू गाळात वाढतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सोडतात. त्या स्टॉलवर ओझोनची यंत्रणाही होती, पण ते स्वतःच म्हणाले, आधी गाळ काढा, रात्री टाकीत हवा सोडत राहा, महिनाभर बघा, मग मला फोन करा.

मोठ्या प्रदर्शनांबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. फ्रँकफर्टचं ऑटोमेकॅनिका १९७१ पासून भरतंय, पण तिथे सगळा वाहन-उद्योग असतो आणि कार वॉश हा त्यातला एक भाग. इंटरनॅशनल कारवॉश असोसिएशनचा 'द कार वॉश शो' फक्त आपल्या धंद्याचा. कुठेही गेलात तरी टनेल, कन्व्हेयर (गाडी आपोआप पुढे नेत धुणारी मोठी यंत्रं) आणि मेंबरशिपच्या सॉफ्टवेअरने डोळे दिपतात. दोन-तीन बे असलेल्याने तिथे एखादा तास द्यावा, त्याहून जास्त नको. उरलेला वेळ पंप, पाणी, केमिकल आणि स्पेअर पार्ट्सला. आणि इतर मालकांशी बोला. कुठल्या मशीनचा माणूस बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी येतो आणि कुठल्याचा पंधरा दिवसांनी, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगत नाही.

या वेळी प्रदर्शनात एकही ऑर्डर दिली नाही. नोझलचा एक संच आणि लांब बाह्यांचे हातमोजे घेतले, बस. परत आल्यावर पहिल्या सोमवारी सेंटर अर्धा दिवस बंद ठेवून टाकी रिकामी केली. तळाला कोपरभर गाळ होता. रात्रीसाठी छोटा ब्लोअर आणि टायमर बसवला. गाळ काढायच्या दिवशी दोन माणसं दुसऱ्या कामाला लावायची नाहीत, असं मी फळ्यावर माझ्याच हाताने लिहिलंय.

परवा सकाळी मी गेटमधून आत येत होते, तेवढ्यात त्याने टाकीजवळून हाक मारली, "ताई, इकडे या जरा." झाकण उघडून तो बाजूला उभा होता, हातात मोजे होते. मी वाकले आणि श्वास घेतला. ओल्या सिमेंटचा वास येत होता, बाकी काही नाही.