अक्का, उडी मारून बघा की

माझं वजन नवऱ्यालाही माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यापासून ते सोलापूरच्या नवी पेठेतल्या निम्म्या दुकानदारांना माहीत आहे. समोरच्या बांगडीवाल्याने तर आकडा ऐकून हातातली बांगड्यांची चळत खाली ठेवली. मी डोळ्यांनी पाहिलं.

घ्यायला गेले होते काय, तर चालताना गाणी ऐकायचं एक चिमुकलं यंत्र. कपड्याला चिमट्याने अडकवायचं, कानात वायर, बस्स. साखर काठावर आली आहे, रोज चाळीस मिनिटं झपझप चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. गाण्याशिवाय चाळीस मिनिटं मी फक्त नळाची वाट बघू शकते. झाली प्रस्तावना.

"फोन आहे की तुमच्याकडे," हे मला आजवर ज्याने त्याने ऐकवलं आहे. आहे ना. दोनशे ग्रॅमचा आहे. ठेवू कुठे? पंजाबी ड्रेसला खिसा लावून द्या म्हटलं की टेलर "शेप बिघडतो मॅडम" म्हणतो. कुणाचा, ते सांगत नाही. ट्रॅक पँटला खिसा असतो, पण त्यात फोन टाकला की पँट त्या बाजूने उतरायला लागते आणि मग एक हात कायम कमरेला. दंडाला पट्टा बांधून पाहिला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, सकाळी सहालाही हवा गरमच असते. त्या पट्ट्याखाली जे उठलं त्यासाठी वेगळा डॉक्टर करावा लागला. कंबर तलावावर एक गृहस्थ रोज सदऱ्याच्या खिशात फोन ठेवून सगळ्या तलावाला मोठ्याने भक्तिगीतं ऐकवत चालतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांना खिसा आहे.

शिवाय फोन नेला की मागोमाग घर येतं. कर्ज हवंय का विचारणारी ती गोड मुलगी येते, सोसायटीच्या ग्रुपवरची गुलाबाची फुलं येतात, आणि मी तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले की शेजारच्या वहिनींचा फोन येतो: "अहो, पाणी आलंय!" चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. तिथून मी घरापर्यंत जी सुटते, त्या वेगाचं डॉक्टरांनाही कौतुक वाटेल.

कानातली ती बिनवायरची बोंडंही झाली करून. त्यातलं एक जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर पडलं. फोन मात्र बराच वेळ "जोडलेलं आहे" म्हणत होता. म्हणजे माझं गाणं कुणाच्या तरी पायाखाली, धुळीत, व्यवस्थित वाजत होतं. तेव्हापासून मी वायरवाली.

मला हवं ते यंत्र जगात होतं, हेच जास्त झोंबतं. ॲपलने २००५ साली आयपॉड शफल काढला. त्याला पडदाच नव्हता. चालणाऱ्या माणसाला पडदा करायचाय काय? २००६ साली त्यालाच चिमटा लावून आणखी लहान केला, वजन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. न बघता बोटाने चाचपडून गाणं बदलता यायचं. घामट बोटाला काचेचा पडदा कधी दाद देतो, कधी नाही. बटण बिचारं घाम बघत नाही. मग २००९ मध्ये त्यांच्यातल्या कुणाला तरी अक्कल सुचली आणि बटणं यंत्रावरून काढून इअरफोनच्या वायरीवर नेली. वायर तुटली की साधा दुसरा इअरफोन लावून भागेना. पुढच्याच वर्षी बटणं गुपचूप परत आली. आणि २०१७ साली सगळं प्रकरणच बंद केलं. नावं ठेवायला जागा नसलेली वस्तू बाजारात फार दिवस ठेवत नाहीत.

तर दुकान. "एमपी थ्री प्लेअर आहे का? छोटा, क्लिपवाला?"

काउंटरवरच्या पोराने एका मुलीच्या फोनवर स्क्रीन गार्ड चिकटवता चिकटवता विचारलं, "कुणासाठी मॅडम?"

"माझ्यासाठी."

"मग कारवाँ घ्या की. पाच हजार गाणी येतात. मम्मी लोकांना लय आवडतो."

मी म्हटलं, तो रेडिओएवढा असतो, तो घेऊन मी चालू कशी? पोरगा म्हणाला, चालता कशाला, बसून ऐका. एवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला. आवाज म्हणजे आरोळी.

"काय पायजे म्हणलालेत अक्का?"

पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर टॉवेल, सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणत होते. ते कानाच्या मशीनचा सेल घ्यायला आले होते. मशीन काउंटरवर पोट उघडून पडलेलं होतं, आणि सेल आणायला दुसरा पोरगा घड्याळाच्या दुकानात गेला होता. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर जन्म काढलेला माणूस. मागाच्या शेडमधला आवाज नव्वद-शंभर डेसिबलच्या घरात असतो; पाळीभर त्यात उभं राहायचं, वर्षानुवर्षं. तिथून निघालेल्या चादरी आपण मिरवतो, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून छाती फुगवतो. कान कुणाचे गेले त्याची नोंद नाही. हे सगळं मला आत्ता, घरी बसून सुचतंय. तिथे मला त्या माणसाचा फक्त राग येत होता.

"गाण्याचं मशीन!" पोरगा ओरडला.

"कानाचं? यांना? वय काय हाय?"

"गाण्याचं मामा, गाण्याचं! व्यायामाला!"

"विम्याला?"

"व्या-या-म! चालायला! वजन कमी करायला!"

वजनाचा व-सुद्धा मी काढला नव्हता. त्या पोराने माझ्याकडे एक नजर टाकून निदान परस्पर उरकलं होतं. मामा स्टुलावरून उठले. टॉवेलचा गठ्ठा नजरेने तोलावा तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती? पंचाहत्तर?"

"नाही!"

"ऐंशी?"

भाव चढत चालला होता. मी हाताने नाही-नाही करत होते, त्याचा अर्थ त्यांनी "अजून वर" असा घेतला. "पंच्याऐंशी हाय? दिसत न्हाई!" म्हणाले. हे कौतुक होतं. स्क्रीन गार्डवाल्या मुलीची आई आता फोन सोडून माझ्याकडे बघत होती. लिलाव थांबवायचा एकच मार्ग उरला होता.

"एकाहत्तर!" मी ओरडले.

आणि नेमका त्याच क्षणी समोरच्या कपड्याच्या दुकानाचा "या ताई या, सेल सेल सेल" करणारा भोंगा दम घ्यायला थांबला. अख्ख्या गल्लीत माझा एकाहत्तर तेवढा घुमला. बांगडीवाल्याचं वर सांगितलंच.

"हां, मग ठीक हाय," मामा म्हणाले, आणि माझी खरेदी त्यांनी ताब्यात घेतली. "काढ बे, समदे काढ. आवाज बघू दे अक्कांना."

पोराने खणाच्या तळातून दोन-तीन डब्या काढल्या. "अक्कांना" म्हणाले खरं, पण इअरफोन गेला मामांच्या कानात. पोराने आवाज हळूहळू वाढवला. मामांची मान नकारार्थी. आणखी वाढवला. मी दोन हात अंतरावर उभी होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. स्क्रीन गार्डवाली मुलगी तर मान डोलवायला लागली होती. मामांनी बोंड कानातून काढलं, निरखून पाहिलं, टिचकी मारली आणि फैसला दिला:

"मुकं हाय हे."

दुसरं मुकं. तिसरं मुकं आणि वर "चायनाचा माल". मग त्यांनी ते बोंड कानामागच्या हाडावर दाबून धरलं, डोळे मिटले. या प्रकाराचे इअरफोन खरोखर मिळतात, हाडातून ऐकवणारे. कान मोकळा राहतो, उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल आधी कळते. चालणाऱ्यांना फार चांगले, किंमत मात्र हजारांत. मी पोराला विचारलं, असले ठेवता का? त्याने मामांच्या कानामागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो मनातल्या मनात काय म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं.

डोळे उघडून मामा म्हणाले, "आवाजाचं जाऊ द्या. चिमटा बघा, चिमटा. पडलं तर पैशे गेले." आणि त्यांनी ते यंत्र माझ्या ओढणीला लावायला पोराला सांगितलं. पोरगा गडबडला, मी ते हिसकावून स्वतः लावलं.

"आता उडी मारून बघा की अक्का."

मी म्हटलं, मी चालते, उड्या मारत नाही. ते त्यांना ऐकू आलं नाही. पोराने मध्यस्थी केली: "मारा मॅडम एक, त्यांचं समाधान." माझी वस्तू, माझे पैसे, आणि समाधान त्यांचं! शेजारच्या दुकानात माणूस चप्पल घेतो तेव्हा चार पावलं चालून बघतो, तेवढं समजू शकते. मी दोन्ही हातांनी पर्स धरली आणि टाचा उचलल्यासारखं केलं. "ही उडी न्हवं," मामा म्हणाले. मग मारली. खरीखुरी. काउंटरची काच थरथरली, यंत्र ओढणीवरून सुटून कव्हरांच्या ढिगात पडलं. मुलगी आईला म्हणाली, "मम्मी, आंटी काय करलालेत?" आईने तिला गप्प केलं, स्वतःला मात्र करता आलं नाही.

एवढ्यात एक माणूस आला, "चार्जिंगची वायर, टाइप सी" म्हणाला, पैसे दिले, गेला. त्याचं वजन कुणी विचारलं नाही. कुणासाठी हवी तेही विचारलं नाही. मला मात्र पोराने मधेच सुचवून पाहिलं होतं, "सरांना घेऊन या की मॅडम, ते बघतील बरोबर." आमचे सर! ज्यांना टीव्हीचा रिमोट उलटा धरला तरी कळत नाही! माझ्या हौसेची वस्तू मी मागितली की ती आधी मम्मी लोकांची होते, मग वजनाची होते, मग सरांची. साधी "नाहीये" म्हणून सांगितली असती तर मी पाच मिनिटांत घरी गेले असते.

सेल आला. मामांनी मशीन कानात बसवलं, ते शिट्टी मारून शांत झालं. मी त्याच सुरात ओरडत होते, "चिमटा सैल आहे! दुसरं दाखवा!" मामा दचकून मागे सरले.

"एवढ्या मोठ्यानं का बोललालाव अक्का? ऐकू येतंय की."

मग सेलचे पैसे मोजून देता देता, अगदी मऊ आवाजात, घरच्या माणसाच्या काळजीने म्हणाले, "आन् मी काय म्हणतो, फोनवर ऐका की गाणी. फोन हाय न्हवं?"

मी रागाच्या भरात त्या तिघांतलं जाड चिमट्याचं घेतलं. दोनशे रुपये. कंपनीचं नाव नाही, पडदा नाही, आत मेमरीही नाही. कार्ड वेगळं घ्यायचं, गाणी वेगळी भरून घ्यायची. "मस्त मिक्स भरून देतो मॅडम," पोरगा म्हणाला. घरातला एकुलता एक लॅपटॉप मुलाबरोबर पुण्याला, म्हणून म्हटलं भर.

झपझप चालणं म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावलं. गाण्याचा ठेका त्याच्या आसपास हवा. भावगीत लागलं की माझे पाय रेंगाळतात आणि मी तलावाच्या काठाशी पक्षी बघत उभी राहते. ढोलकीने उचल खाल्ली की धाप. पोराने भरलेल्या मालात मधलं काही नाही. हळदीची गाणी, वरातीची गाणी, हलगी, दोन कन्नड आरत्या, आणि प्रत्येक गाण्यात अधूनमधून एक डीजे स्वतःचं नाव बोंबलून जातो. आठ जीबीच्या कार्डात दीड हजारावर गाणी मावतात म्हणे. मला पहिली आठ-दहाच माहीत आहेत, कारण हे यंत्र बंद करून चालू केलं की रोज पहिल्यापासून सुरू होतं. रोज सकाळी सहा वाजता, साखर काठावर असताना, मला कुणाच्या तरी हळदीला जावं लागतं.

शेवटी दुकानात फोन केला. म्हटलं, निम्मी गाणी पुसून दे बाबा, निदान तो डीजे तरी काढ.

"काढतो की मॅडम," पोरगा म्हणाला. "भरायचे पन्नास घेतले होते, पुसायचे शंभर पडतील."

"पुसायचे जास्त?"

"निवडून पुसायचं म्हणजे समदं ऐकावं लागतंय न्हवं."