महापौरांची ती यादी आणि ओल्डहॅमचे निकाल

दर काही महिन्यांनी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरून येतो. तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. लंडनचा महापौर मुसलमान, बर्मिंगहॅमचा मुसलमान. लीड्स, ब्लॅकबर्न, शेफील्ड, ऑक्सफर्ड, ल्यूटन, ओल्डहॅम, रॉचडेल, सगळीकडे तेच. साडेसहा कोटींच्या देशात चाळीस लाखांनी एकगठ्ठा मतदान करून सत्ता घेतली, आता तरी जागे व्हा, असा त्याचा मथितार्थ. शेवटी शेकड्यांनी शरिया कोर्टं आणि हजारांनी मशिदी. वर्ष बदलतं, यादी तीच राहते.

यादीत फक्त लंडनचं पद खरंच वजनदार आहे. २००० साली ते निर्माण झालं आणि त्यावर लोक थेट निवडून देतात. सादिक खान २०१६, २०२१ आणि २०२४ असे तीनदा जिंकले. २०२४ मध्ये त्यांना १० लाख ८८ हजार मतं पडली, सुमारे ४४ टक्के. २०२१ च्या जनगणनेत लंडनमध्ये मुसलमान १५ टक्के होते, त्यात लहान मुलंही आली. बाकीची मतं कुणाची, याचा मजकुरात पत्ता नाही.

उरलेल्या आठ नावांचं प्रकरण वेगळं आहे. तिथला मेयर किंवा लॉर्ड मेयर नगरसेवक आपल्यातूनच निवडतात, बहुधा ज्येष्ठतेने किंवा पक्षांच्या पाळीने, आणि तोही एका वर्षापुरता. गळ्यात सोन्याची साखळी घालायची, सभेत अध्यक्षस्थानी बसायचं, शाळांच्या बक्षीस समारंभाला जायचं. महाराष्ट्रात हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडेही महापौर सभा चालवतो आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्ताच्या हातात असतात. इंग्लंडमध्ये त्या बहुतेक ठिकाणी ‘लीडर’कडे, म्हणजे बहुमतवाल्या गटाच्या नेत्याकडे असतात. आपल्या थेट निवडलेल्या नगराध्यक्षासारखा मेयर असलेल्या नगरपालिका तिथे मोजक्याच. बर्मिंगहॅमकरांना २०१२ मध्ये सार्वमतात विचारलं होतं, असा मेयर हवा का? त्यांनी नको म्हणून सांगितलं.

त्याच बर्मिंगहॅमचं पुढे काय झालं पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने हात वर केले, पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली, आणि सरकारने वर आयुक्त बसवले. जाब द्यावा लागला तो लीडर जॉन कॉटन यांना. त्या वेळी लॉर्ड मेयर होते चमन लाल, जन्माने पंजाबचे. यादीच्या हिशेबाने बर्मिंगहॅमवर तेव्हा भारतीयांचं राज्य होतं म्हणायचं!

सगळे एकाच वेळी पदावर आहेत, हे तर तारखा पाहिल्या की कोसळतं. शेफील्डचे माजिद माजिद हे सोमाली वंशाचे, ग्रीन पक्षाचे तरुण नगरसेवक २०१८-१९ असं एक वर्ष लॉर्ड मेयर होते. नंतर ते युरोपीय संसदेत गेले. २०२४-२५ मध्ये लीड्सची साखळी होती नायजेरियात जन्मलेल्या ॲबिगेल मार्शल काटुंग यांच्याकडे. वेगवेगळ्या वर्षांतली नावं गोळा करून एकत्र छापली की कुठल्याही समाजाचं राज्य दाखवता येईल.

आता मुख्य आरोप, एकगठ्ठा मतदानाचा. यासाठी यादीतलंच एक नाव घेऊ: ओल्डहॅम, मँचेस्टरच्या कुशीतलं गिरणगाव. (मुंबईच्या गिरण्यांत सूत काढणारी यंत्रं पाठवणारी प्लॅट ब्रदर्स कंपनी इथलीच.) गिरण्यांच्या रात्रपाळीसाठी पाकिस्तान आणि आजच्या बांगलादेशातून माणसं आली आणि राहिली. आज लोकसंख्येत चारात एक मुसलमान. पालिकेत २० प्रभाग, प्रत्येकी तीन, असे ६० नगरसेवक. एरवी चारपैकी तीन वर्षं प्रभागातली एकेक जागा मतदानाला येते, त्यामुळे लीडरलाही सुट्टी नाही.

२०२१ मध्ये लेबर (मजूर) पक्षाचे लीडर शॉन फील्डिंग स्वतःच्याच प्रभागात पडले. त्यांना पाडलं फेल्सवर्थ या बहुतांशी गोऱ्या भागातल्या स्थानिक अपक्षांच्या पक्षाने. त्यांच्या जागी अरूज शाह आल्या, उत्तर इंग्लंडमध्ये पालिकेच्या लीडर झालेल्या पहिल्या मुस्लिम बाई. यादीला हवा तसा खरा सत्ताधारी चेहरा इथे आहे. पण यादीला तो माहीत नाही, कारण ती साखळ्या मोजते. शाह यांची गाडी त्याच वर्षी पेटवून देण्यात आली. २०२२ मध्ये त्याही पडल्या, चॅडरटन साउथ प्रभागात, आणि हरवणारा कॉन्झर्व्हेटिव्ह (हुजूर) पक्षाचा उमेदवार होता. मग अमांडा चॅडरटन लीडर झाल्या. २०२३ मध्ये प्रभागरचना बदलल्याने साठही जागा लढवल्या गेल्या, आणि त्यात त्याही पडल्या. त्याच निवडणुकीत शाह परत निवडून आल्या आणि पुन्हा लीडर झाल्या.

तीन वर्षांत तीन लीडर घरी. गोरा पुरुष, मुस्लिम बाई, गोरी बाई. पाडणारेही एकाच गोटातले नव्हते. यातून एका समाजाचा कट काढून दाखवायला खरंच कल्पनाशक्ती लागेल. आणि २०२४? गाझाच्या प्रश्नावर लेबरच्या भूमिकेने मुस्लिम मतदार चिडले, पक्षातून नगरसेवक बाहेर पडले, अपक्ष वाढले. लेबरचं बहुमत गेलं, आणि पालिकेच्या प्रमुख होत्या त्याच अरूज शाह. म्हणजे मुस्लिम लीडर असलेल्या पक्षाला मुस्लिम मतदारांनीच दणका दिला. धर्माचा या मतदानाशी संबंध नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, आणि भरपूर होता. बिरादरीच्या नावाने मतं फिरवली जातात अशी तक्रार तिथेही ऐकू येते, आपल्याकडे जातीबद्दल येते तशी. पण एका हुकमावर चालणारा गठ्ठा असता तर तो असा दोन्हीकडून फुटला नसता.

आणि पालिका हातात आली तरी काय मिळतं? कचऱ्याचे डबे, कौन्सिल टॅक्स, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने, रस्त्यांचे खड्डे. ओल्डहॅम आणि रॉचडेलमधल्या पोलिसांवर देखरेख असते ग्रेटर मँचेस्टरच्या मेयरची, आणि त्या पदावर २०१७, २०२१ आणि २०२४ मध्ये अँडी बर्नम निवडून आले.

शरिया कोर्टांचा मुद्दा चटकन उरकतो. त्यांना कोर्ट म्हणणंच चूक. २०१८ साली सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला, त्यात या शरिया परिषदांना इंग्लंडमध्ये कायदेशीर अधिकार नाही असं स्पष्ट आहे. संख्येचे अंदाज ३० ते ८५ असे दिलेत. तिथे बायकांना घटस्फोटासाठी कसं वागवलं जातं, यावर त्याच अहवालात गंभीर टीका आहे. ती जरूर वाचावी. त्याचा नगरपालिकेच्या मतपेटीशी संबंध नाही. चाळीस लाखांचा आकडा मात्र जवळपास बरोबर आहे: इंग्लंड-वेल्समध्ये ३९ लाख, साडेसहा टक्के.

गंमत अशी की ज्या एका ठिकाणी हा मजकूर लिहिणाऱ्याला खरोखर काही हाती लागलं असतं, ते नाव यादीत नाहीच: पूर्व लंडनमधलं टॉवर हॅम्लेट्स. तिथले मेयर थेट निवडलेले, अधिकारही खरे. २०१४ मध्ये लुत्फुर रहमान जिंकले. चार मतदारांनी निवडणूक न्यायालयात धाव घेतली, त्यांतले एक स्वतः बांगलादेशी वंशाचे. एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने भ्रष्ट आणि बेकायदा मार्गांचा ठपका ठेवून निवडणूक रद्द केली आणि रहमान यांना पाच वर्षं उभं राहायला बंदी घातली. मतदारांवर गैरवाजवी धार्मिक दबाव आणल्याचाही त्यात समावेश होता. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये ते परत उभे राहिले आणि जिंकले. त्यांच्या अस्पायर पक्षाला ४५ पैकी २४ जागा, लेबरला १९. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी तपासणीचा अहवाल आला, आणि या पालिकेवर देखरेखीसाठी आपले दूत नेमत असल्याचं ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी जाहीर केलं.