गॉलम, सोफी आणि गेड : ‘कार्टून’वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’वरच्या लेखात मी म्हटलं होतं की, अशा अद्भुत कादंबरीवर सिनेमा काढायचाच असेल तर तो अ‍ॅनिमेशनमध्ये काढावा. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे : अ‍ॅनिमेशन म्हणजे शेवटी कार्टून, मोठ्या माणसाचं दुःख दाखवायला हाडामांसाचा चेहराच लागतो. टोल्कीनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ राल्फ बाक्शींच्या अ‍ॅनिमेशनला झेपलं नाही, ते पीटर जॅक्सनने पेलून दाखवलं. आणि मियाझाकींच्या ज्या जपानी घिबली स्टुडिओचे मी गोडवे गाते, त्याच घिबलीने अर्थसीचं मातेरं केलं. आक्षेप तिन्ही दमदार आहेत, पण माझं मत त्यांनी बदललेलं नाही.

आधी चेहऱ्याचं. तुम्ही लिहिलंय की जॅक्सनच्या ‘द टू टॉवर्स’ या दुसऱ्या भागात गॉलम हा अंगठीच्या मोहाने झपाटलेला जीव स्वतःशीच भांडतो तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि असं पाणी अ‍ॅनिमेशन काढू शकत नाही. अहो, तो गॉलम अ‍ॅनिमेशनच आहे! अँडी सर्किस सेटवर ती भूमिका जीव ओतून जगला, आवाज त्याचा, अंगाची हालचालही बरीचशी मोशन कॅप्चरने (नटाची हालचाल टिपून काँप्युटरवरच्या पात्राला देणं) त्याच्याकडूनच घेतलेली. पण २००२च्या त्या सिनेमात चेहऱ्यावरचे भाव वेटा डिजिटल या इफेक्ट्स कंपनीच्या अ‍ॅनिमेटर्सनी सर्किसचं चित्रीकरण समोर ठेवून स्वतः बसवले. भुवई किती वर जाईल, ओठ कुठे थरथरेल, हे ठरवणारे हात चित्रकारांचे होते. तिन्ही भागांत तुमचा जीव ज्याच्यासाठी सगळ्यांत जास्त कळवळला, त्याचा चेहरा हाडामांसाचा नव्हताच.

जॅक्सनचं यश मी नाकारत नाही, त्या मूळ लेखातही नाकारलेलं नाही. ते पुस्तकच तसं आहे. हजारभर पानांत माणसं मुख्यतः चालतात. थंडी, भूक, चिखल, डोंगर, घोडे, गंजलेल्या तलवारी. गँडाल्फ एवढा मोठा जादूगार, पण जादू करतो ती क्वचित. तिथे न्यूझीलंडचे खरे डोंगर लागतातच. आणि गँडाल्फ नि बुटके हॉबिट यांच्या उंचीतला फरक पहिल्या भागात कितीतरी ठिकाणी कॅमेऱ्याच्या कोनातून साधलाय. गँडाल्फ झालेले इयन मॅकेलन कॅमेऱ्याजवळ, फ्रोडो हा हॉबिट झालेला एलायजा वूड मागे, टेबल दोन मापांचं, आणि दोघंही एकाच खोलीत, एकाच उजेडात. दहा वर्षांनी ‘द हॉबिट’ थ्रीडीमध्ये करायला घेतलं, तेव्हा ही युक्ती चालेना. मग मॅकेलन यांना हिरव्या पडद्यापुढे एकट्याने उभं केलं, सहकलाकारांच्या जागी दांड्यांवर लावलेले फोटो. ते अक्षरशः रडले, आणि हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितलंय. दिग्दर्शक तोच, नट तोच, तरीही हे घडलं, कारण माणूस आणि त्याच्याभोवतीची दुनिया यांची फारकत झाली.

माझं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. अद्भुत कथेत ड्रॅगन आणि ड्रॅगनकडे बघणारा पोरगा दोघंही सारखेच खरे वाटले पाहिजेत. पुस्तकात ते आपोआप होतं, कारण दोघंही शब्दांचेच बनलेले. अ‍ॅनिमेशनमध्ये दोघंही रेषांचे. लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये मात्र पोरगा एका दिवशी कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि ड्रॅगन कित्येक महिन्यांनी काँप्युटरवर जन्माला येतो. हा सांधा झाकता येतो, जॅक्सनने झाकलाही. पण ज्या पुस्तकात अद्भुत गोष्टी पानोपानी आहेत, तिथे तो किती वेळा झाकणार?

बाक्शींचं १९७८चं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. त्यांनी नटांना कपडे घालून आधी चित्रीकरण केलं आणि फ्रेमवर रेषा गिरवल्या. रोटोस्कोपिंग म्हणतात ते हेच. हेल्म्स डीपच्या लढाईत तर कितीतरी ऑर्क (शत्रूचे राक्षसी सैनिक) म्हणजे रंग चढवलेलं चित्रीकरणच वाटतं, आणि शेजारी फ्रोडोची मंडळी मात्र चित्रातली. धड ना इकडचं, धड ना तिकडचं. शिवाय गोष्ट अर्ध्यावरच थांबते. पण ते जाऊ द्या.

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मध्ये हा प्रश्न उघडावाघडा दिसतो. नायिका लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत असतो. प्रत्येक माणसाचा, म्हणजे बाजारातल्या गर्दीतल्या शेवटच्या माणसाचासुद्धा. २००७च्या सिनेमाने व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळवलं. २०१९च्या मालिकेने सेटवर कठपुतळ्या वापरल्या, म्हणजे नटांना नजर ठेवायला काहीतरी समोर असावं, आणि त्याचा अभिनयाला फायदाही झाला. तरी मालिका पाहताना वाचकांची तक्रार होतीच की गर्दीत प्राणी दिसतच नाहीत. प्रत्येक प्राण्यामागे खर्च. आता पुस्तकाचा गाभाच असा की माणसापासून त्याचा प्राणी तोडणं हे सगळ्यांत भीषण पाप. पण पडद्यावर निम्मी माणसं पहिल्यापासूनच प्राण्याविना फिरताना दिसली, तर त्या पापाची भीती प्रेक्षकाला वाटावी कशी? कागदावर चित्र काढणाऱ्याला माणसाच्या खांद्यावर एक चिमणी काढायला वेगळी परवानगी लागत नाही.

आता सोफी. डायना विन जोन्स यांच्या १९८६च्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’वर हायाओ मियाझाकींनी २००४ साली सिनेमा काढला. त्यांनी पुस्तक बरंच बदललं, युद्ध घुसवलं, किल्ल्याला कोंबडीचे पाय दिले. तो वाद बाजूला ठेवू. शापामुळे अठरा वर्षांची सोफी नव्वदीची म्हातारी होते. राजवाड्यात ती राजाची जादूगारीण सुलिमान हिच्यासमोर बसून जादूगार हाउलची बाजू मांडायला लागते तो प्रसंग पुन्हा बघा. बोलता बोलता तिचं पोक सरळ होतं, सुरकुत्या विरतात, आवाज चढतो, आणि समोर तरुण सोफी बसलेली असते. कोणी दचकत नाही, मागे संगीत घुमत नाही. सुलिमान म्हणते की तुझं हाउलवर प्रेम दिसतंय, आणि सोफी लगेच पुन्हा म्हातारी. जपानी आवृत्तीत तरुण आणि वृद्ध सोफीला चिएको बाइशो या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. सिनेमाभर सोफीचं वय असं वरखाली होत राहतं. झोपेत तरुण, लाजली की म्हातारी. हेच हाडामांसाच्या नटीकडून करून घ्यायचं तर मेकअप तरी हवा, दुसरी नटी तरी हवी, नाहीतर काँप्युटर. तिन्हींत ‘बघा, आता बदल होतोय’ अशी दवंडी पिटली जाणार. इथे चित्रकाराने चार रेषा कमी केल्या, आणि प्रेक्षकाला बदल कळायच्या आधी जाणवला. हे दुःख, ही भीड, मोठ्या माणसाचीच आहे. याला कार्टून म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

तो शब्द आपल्याकडे पक्का बसलाय, कारण नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहत आपण वाढलो. ती जपानी मालिका होती, आणि घरातले मोठे तिला पोरांचा खेळ समजायचे. पुढे २०१६ साली डिस्नेचा ‘द जंगल बुक’ आला आणि मोठ्यांनी तो ‘खरा सिनेमा’ म्हणून तिकीट काढून पाहिला. त्यात मोगली झालेला मुलगा सोडला तर जवळजवळ सगळंच काँप्युटरवर केलेलं, आणि चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. शेरखानच्या अंगावरचा केस न् केस दिसला म्हणून तो अ‍ॅनिमेशन राहिला नाही का?

उरलं अर्थसी. तुमचा सगळ्यांत बोचरा मुद्दा हाच, कारण ते पुस्तक मला फार जवळचं आहे. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली त्यातला जादूगार नायक गेड रंगवला तो तांबूस-तपकिरी कातडीचा, त्याचा मित्र व्हेच काळा. २००४च्या साय फाय चॅनेलच्या मालिकेत गेड गोरा, आणि बाकीचे बहुतेकही गोरेच. ले ग्विन यांनी ‘स्लेट’मध्ये लेख लिहून जाहीर निषेध केला. दोन वर्षांनी घिबलीने सिनेमा काढला, हायाओंनी नव्हे तर त्यांचा मुलगा गोरो याने, आणि त्याचा तो पहिलाच. हे माझं पुस्तक नव्हे, तुझा सिनेमा आहे, चांगला सिनेमा आहे, असं ले ग्विन त्याला म्हणाल्या. पण पुढे त्यांनी नेमकं दुखणं लिहून ठेवलं : पुस्तकात अंधार माणसाच्या आत आहे, सिनेमाने त्याचा एक खलनायक केला आणि त्याला मारून प्रश्न मिटवला. हा पटकथेचा दोष आहे, आणि ही पटकथा हाडामांसाच्या नटांना दिली असती तरी ती एवढीच खोटी ठरली असती.

पहिल्या पुस्तकातला तो प्रसंग आठवा. स्वतःच जगात सोडलेल्या सावलीपासून पळण्यासाठी गेड ससाण्याचं रूप घेतो आणि समुद्रावरून इतका वेळ उडत राहतो की माणूसपण विसरायला लागतो. तो आपला गुरू ओगियन याच्या मनगटावर येऊन बसतो, आणि ओगियन त्याला ओळखतो. ससाण्याच्या डोळ्यात गेड दिसला पाहिजे, आणि परत माणूस झालेल्या गेडच्या डोळ्यात ससाणा. एकाच हाताने काढलेले ते दोन डोळे मला पाहायचे आहेत.

मात्र अर्थसीचं दुसरं पुस्तक ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ वेगळं. तिथे भुयार आहे, उजेडाला सक्त मनाई आहे, आणि तिथली पुजारीण टेनार भिंती चाचपत, वळणं मोजत वाट पाठ करते. जादू अगदी थोडी. त्या पुस्तकाला खरी मुलगी, खरा दगड आणि खरा काळोख हवा. ते कोणी लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये करायला घेतलं तर मी तुमच्याच बाजूने बोलेन.