साठ दिवसांनी काय खाणार?

कोल्हापुरात ट्रिप कशी ठरते, तर रात्री जेवून कट्ट्यावर बसल्यावर कुणीतरी म्हणतं चला मालवणला, आणि पहाटे गाडी गगनबावड्याच्या पुढं घाट उतरत असते. राहायचं कुठं, खायचं काय, हे तिथं पोचल्यावर बघायचं. त्यामुळं ताईनं अटलांटावरनं फोन करून सांगितलं की मे मध्ये याच, इथनं गाडीनं ऑर्लँडोला जाऊ, पोराला डिस्ने वर्ल्ड दाखवू, तेव्हा आम्ही सगळे एका सुरात हो म्हणालो. व्हिसा झालेला, विमानाची तिकिटं झालेली, आता राहिलंय काय? सकाळी तिची एक्सेल शीट आली.

पहिल्या पानावर नुसतं पार्क कुठलं ते निवडायचं होतं, कारण ते एक नाहीच, चार आहेत, मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम, वर दोन वॉटर पार्क वेगळे. सगळी जागा मिळून १०० चौरस किलोमीटरच्या घरात जाते. आपली महापालिकेची हद्द ६७ च्या आसपास. आपली महापालिका झाली १९७२ ला, त्यांचं पहिलं पार्क उघडलं १९७१ ला, म्हणजे वय बी सारखंच. आबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांच्याकडं हद्दवाढीला विरोध करायला कृती समिती न्हवती वाटतं." मग दाजींनी सांगितलं की वॉल्ट डिस्नेनं ती जमीन साठच्या दशकात भलत्याच नावाच्या कंपन्या काढून गुपचूप घेतली, भाव वाढू नये म्हणून. हे ऐकल्यावर आबांना त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटायला लागला, कार्टूनबद्दल इतकी वर्षं कधी वाटला नव्हता.

दुसरं पान तिकिटाचं. आता आमच्या घराला सवय यष्टीची. आबा ७५ च्या पुढचे, त्यांना फुकट. आई आणि बायको, महिलांना निम्मं. पोरगं बारा पूर्ण होईस्तोवर हाफ. अख्ख्या खानदानात फुल तिकीट काढणारा मी एकटा. डिस्नेत तीन वर्षाखालचं मूल फुकट, ३ ते ९ ला तिकीट किंचित कमी, आणि दहावं लागलं की माणूस मोठा, मग तो दहाचा असो नाहीतर आबांएवढा. ज्येष्ठ नागरिक बिगरिक काही नाही. आमचं पोरगं मे महिन्यातच दहा पूर्ण करतंय, त्यामुळं दोन दिवस घरात एकच चर्चा, वाढदिवसाच्या आधी जायचं का नंतर. वाचणार किती, तर थोडे डॉलर, पण बायको म्हणाली प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. शिवाय तिथं तारखेप्रमाणं भाव बदलतो, त्यामुळं तत्त्व पाळायला गेलं की नेमका महागाचा दिवस यायचा.

तिकीट काढलं म्हणजे पाळण्यात बसता येतं असंही नाही, रांग असतीच. ती टाळायची तर लायटनिंग लेन म्हणून वेगळे पैसे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती सात दिवस आधी घेता येते, बाकीच्यांना तीन दिवस आधी, तेही सकाळी सातच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसायचं. आणि दोन-तीन बड्या पाळण्यांचं त्यातही वेगळं. आबांना हे काही केल्या कळेना. शेवटी मी सांगितलं, आबा, अंबाबाईला नवरात्रात कसं, गाभाऱ्याची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसं. ते म्हणाले, "मुखदर्शनाला पैसं कुठं पडत्यात?" ह्यावर ताईकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं तर नव्हतंच.

आईला ह्या सगळ्यात एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे खायचं आपलं आपण आत नेता येतं. काचेची बरणी नको आणि दारू नको, एवढंच. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी गेटवर शेंगदाण्याची पुडीसुद्धा काढून घेतात, त्यामानानं ही माणसं चांगल्या घरची दिसतात, असं तिनं जाहीर केलं आणि भडंग, ठेचा, धपाटे अशी यादी सुरू झाली.

पण ताईच्या डोक्यात होता मिकी माऊस टेबलाशी येऊन भेटतो तो नाष्टा. त्याचं टेबल साठ दिवस आधी उघडतं आणि म्हणे लगेच भरतं. आता ज्या गावात माणूस सकाळी मिसळ खाताना दुपारच्या मटणाचं ठरवतो आणि मटण खाताना सकाळची मिसळ कुठली बरी होती ह्यावर भांडतो, त्या गावातल्या पाच जणांनी दोन महिन्यानंतरच्या गुरुवारी सकाळी किती वाजता भूक लागेल हे सांगायचं. आईनं कॅलेंडर काढलं, तर त्यातल्याच एका दिवशी संकष्टी. आता संकष्टी म्हटल्यावर चंद्रोदय आला, आणि कॅलेंडरात वेळा छापल्यात त्या महाराष्ट्रातल्या गावांच्या, ऑर्लँडोची कुठनं आणायची?

"मी उपाशी ऱ्हातो," आई म्हणाली, "पण चंद्र बघिटल्याबिगर सोडणार न्हाई."

दाजींनी बिचाऱ्यांनी नेटवर वेळ काढून एक्सेलला एक कॉलम वाढवला, चंद्रोदय. शेजारच्या कॉलममध्ये रात्रीची आतषबाजी. शिवाय तिकडं उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे पाळणे बंद, म्हणजे आपल्या वळवासारखंच, तेव्हा चंद्र दिसला नाही तर काय हा प्रश्न आईनं लगेच विचारला. त्या उत्तराचा कॉलम अजून रिकामा आहे.

ते टेबल उघडायचा दिवस आला. तिकडं पहाट, इकडं दुपारचं जेवून अख्खी पेठ आडवी झालेली. फोन वाजला, ताई जवळजवळ ओरडतच होती, "पटकन सांगा, आठ दहाचं घेऊ का अकरा वीसचं, जातंय बघा, जातंय!" आई घोरत होती, बायको माझ्याकडं बघत होती, मी फोनकडं. आबांनी डोळे मिटूनच कूस बदलली.

"तिला म्हणावं, आदी तिखट किती असतंय ते इचार."