डासांचा लांबलेला हंगाम

नागपुरात पावसाळा स्थिरावला की डेंग्यू-चिकुनगुन्याच्या बातम्यांबरोबर एक जुना वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. हे सारे हवामानबदलामुळे घडते आहे, असे काही जण म्हणतात. तर हवामानाला दोष देण्याआधी रिकामे भूखंड, तुंबलेल्या नाल्या आणि घरोघरच्या कूलरच्या टाक्या पाहा, असे इतरांचे म्हणणे असते. इटलीत बोलोन्याला राहून हा वाद वाचताना मला दोन्ही पक्ष अर्ध्या वाटेवर थांबलेले दिसतात.

आमच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात 2007 साली रावेन्नाजवळच्या दोन खेड्यांत चिकुनगुन्याची साथ पसरली आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. विषाणू केरळातून आलेल्या एका प्रवाशाबरोबर पोहोचला होता, आणि तो पसरवणारा एडिस अल्बोपिक्टस डास 1990च्या सुमारास जुन्या टायरांच्या व्यापारातून जेनोव्हात शिरला होता. उष्णतेने यांपैकी कोणालाच आणले नाही. तिने दोघांना वाढायला अवधी दिला, आणि तो अवधीच निर्णायक असतो. डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू संसर्गक्षम होण्यास 25 अंशांवर सुमारे पंधरा दिवस लागतात, तर 30 अंशांवर आठवडाही लागत नाही. डासाचे आयुष्यच थोडे असल्याने हा फरक फार मोठा ठरतो.

तरीही ‘उष्णता वाढली की डेंग्यू वाढणार’ हे सूत्र नागपूरला सरसकट लागू पडत नाही. डेंग्यूच्या प्रसाराला 29 अंशांच्या आसपासचे तापमान सर्वाधिक मानवते. मे महिन्यातले 45 अंश डासालाही सोसत नाहीत. मात्र उन्हाळा जितका कडक आणि लांब, तितके कूलर जास्त दिवस चालतात, आणि टाकी सुकली तरी तिच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरून पाणी मिळताच फुटतात. त्यात पावसाचा बदललेला स्वभाव आहे. 23 सप्टेंबर 2023 रोजी काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा माझे आईवडील धरमपेठेत होते. अशा पुरात अळ्या आधी वाहून जातात हे खरे, पण मागे साचून राहिलेल्या पाण्यात पुढच्या पिढ्या वाढतात.

2007च्या साथीनंतर इथे एमिलिया-रोमान्यात रुग्णांच्या आधी अंडी मोजण्याची पद्धत रुजली. उन्हाळाभर सापळ्यांतली अंडी मोजतात, पावसाच्या पाण्याच्या चेंबरांत अळीनाशक टाकतात, आणि डासांत वेस्ट नाईल या डासांमुळेच पसरणाऱ्या तापाचा विषाणू आढळला की रक्तदात्यांचे रक्त तपासायला लागतात. रोग संपलेले नाहीत. वेस्ट नाईलचे रुग्ण आजही सापडतात. परंतु धोक्याची सूचना लवकर मिळते, आणि हवामान हातात नसताना एवढे तरी हातात असणे मला फार मोलाचे वाटते.

नागपूर महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन कूलर तपासतात, ते कष्टाचे काम आहे. त्याच्या जोडीला एप्रिलपासूनच अंडी मोजली जावीत आणि प्रभागनिहाय आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत, अशी माझी मागणी आहे. सापळा म्हणजे पाणी भरलेला काळा डबा आणि त्यात उभी केलेली एक खरबरीत पट्टी. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स ज्या शहरात आहेत, तिथे त्या पट्टीवरची अंडी मोजणारे हात नक्कीच मिळतील.