त्यांना विचार करता येतो

"या मुलांना विचारच करता येत नाही." कम्युनिटी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. सुरुवातीची काही वर्षं मीही ते म्हणत होते, म्हणून आज लिहायला बसलेय. हे वाक्य चुकीचं आहे. आणि ते खरं धरून चाललो की आपलं शिकवणंही चुकत जातं.

अमेरिकेबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडी माहिती. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चावर चालणारं कॉलेज. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली सुरू झालेलं कॉलेज यांतलं सर्वांत जुनं मानतात. इथे गुणांची अट नसते. येईल त्याला प्रवेश. माझ्या वर्गात शाळेतून थेट आलेली १८ वर्षांची मुलगी असते आणि तिच्या शेजारी रात्रपाळी संपवून आलेला गोदाम कामगार, दोन लेकरांची आई, सैन्यातून परतलेला माणूस. कॅलिफोर्नियात यांतल्या अनेकांना पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर व्हायचं असतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १९८० मध्ये क्रिटिकल थिंकिंगचं, म्हणजे चिकित्सक विचाराचं, शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हापासून तिकडे जाणाऱ्याला हा विषय चुकत नाही. तो विषय मी शिकवते.

पहिली काही वर्षं मी काय शिकवलं? हेत्वाभासांची, म्हणजे युक्तिवादातल्या फसव्या चुकांची, यादी. व्यक्तीवर हल्ला, खोटा पर्याय, घसरता उतार अशी वीसेक नावं, प्रत्येकाची व्याख्या, दोन उदाहरणं आणि शुक्रवारी चाचणी. चाचणीत मुलं चांगले गुण मिळवायची. मग निबंध यायचे, आणि त्यांत इंटरनेटवर सापडलेलं पहिलं पान जसंच्या तसं प्रमाण मानलेलं असायचं. यादीचा उपयोग व्हायचा तो फक्त समोरच्याला गप्प करायला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ नावानिशी ओळखायचं आणि स्वतःचं मुसळ तसंच राहायचं. मी त्यांना घोकंपट्टीच शिकवत होते, फक्त विषयाचं नाव भारदस्त होतं.

माझं मत बदललं ते चार कार्डांमुळे. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. टेबलावर चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या. वर दिसतात ए, के, ४ आणि ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला गेलाय का हे तपासायला कोणती कार्डं उलटायची? उत्तर आहे ए आणि ७, कारण नियम मोडला असेल तर ते याच दोन कार्डांमागे दिसेल. बहुतेक लोक ए आणि ४ म्हणतात, भलेभले शिकलेलेसुद्धा. माझ्या वर्गातही तसंच झालं. मग मी फळ्यावर दुसरी चार कार्डं काढली: बिअर पिणारा, कोला पिणारा, १६ वर्षांचा, २५ वर्षांचा. नियम: बिअर पिणारा २१ पूर्ण केलेला हवा. आता कोणाला तपासायचं?

मागच्या रांगेत दुकानात कॅशिअरचं काम करणारी एक विद्यार्थिनी बसायची. पहिल्या कोड्यात ती साफ चुकली होती. मी वाक्य पूर्ण करायच्या आत ती म्हणाली, "बिअरवाला आणि सोळा वर्षांचा. प्रोफेसर, हे तर मी रोज करते." दोन्ही कोड्यांमागचं तर्कशास्त्र तंतोतंत एकच आहे. ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी १९८२ मध्ये फ्लोरिडाच्या विद्यार्थ्यांना अशीच दोन कोडी घातली, तेव्हा अक्षर-आकड्यांच्या कोड्यात जवळपास सगळे चुकले आणि बिअरच्या कोड्यात सुमारे तीन चतुर्थांश बरोबर आले.

मग "विचार करता येत नाही" म्हणजे नक्की काय? मानसशास्त्रज्ञ डॅनिएल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये एका लेखात मांडलेला मुद्दा मला पटतो: सायकल एकदा आली की कुठल्याही रस्त्यावर चालवता येते, विचाराचं तसं नसतं. तो त्या त्या विषयाच्या माहितीला चिकटलेला असतो. माझी कॅशिअर विद्यार्थिनी ओळखपत्राबाबत काटेकोर आहे, कारण तिथे काय खोटं असू शकतं हे तिला ठाऊक आहे. आरोग्यविषयक बातमीत काय खोटं असू शकतं, हे तिला कुणी दाखवलेलंच नाही.

म्हणून आता मी सुरुवात त्यांच्या कामापासून करते. पहिल्या आठवड्यातला प्रश्न: तुमच्या कामात दिसतं एक आणि असतं भलतंच, असं कधी होतं? एका रुग्णालयात नर्सिंग असिस्टंट असलेल्या बाईंनी सांगितलं, बोटाला लावलेलं यंत्र कधी कधी ऑक्सिजन भलताच कमी दाखवतं, आणि रुग्ण मात्र आरामात गप्पा मारत असतो. "मग आधी बोट बघायचं. हात गार आहे का, नखाला रंग आहे का, यंत्र नीट बसलंय का." मी ते फळ्यावर लिहून घेतलं. चिकित्सा हा शब्द आपण मराठीत वैद्यकालाही वापरतो आणि कसून तपासण्यालाही, हे मला त्या दिवशी नव्याने जाणवलं.

त्यानंतर वेबसाइट तपासणं शिकवायला मला वेगळी भाषा शोधावी लागली नाही. आकडा दिसला की आधी बोट बघा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासकार, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर (दाव्यांची सत्यता तपासणारे) यांची तुलना केली होती. पहिले दोन्ही गट बरेचदा पानावरच रेंगाळले, त्याच्या देखणेपणाला फसले. फॅक्ट-चेकर मात्र लगेच पानाबाहेर पडून, नव्या टॅब उघडून, ही संस्था कोणाची आणि इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघत होते.

हे सगळं आपोआप होतं असा माझा दावा नाही. कामावरची सावधगिरी निबंधात उतरायला महिने लागतात, काहींची उतरतच नाही. आणि प्रश्न विचारण्याची भीती फार खोल असते. शाळेत अडाणी ठरवले गेलेले, कामावर सुपरवायझरला उलट विचारलं तर पाळी कापली जाणारे हे लोक. वर्गात त्यांचं बाबावाक्यं प्रमाणम् असतं, कारण तेच आजवर सुरक्षित होतं. ही भीती घालवायला प्रत्येक निबंधावर बसून बोलावं लागतं. आमच्यासारख्या कॉलेजांतले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ, दोन-तीन कॉलेजांत धावपळ करणारे. त्यांना तेवढा वेळ कुठून मिळणार? याचा मला मनापासून राग येतो.

मागच्या सत्राच्या शेवटी मी एक स्लाइड दाखवत होते. त्यावर एक टक्केवारी होती, मी वर्षानुवर्षं वापरत आलेली. त्या नर्सिंग असिस्टंट बाईंनी हात वर केला. "प्रोफेसर, या आकड्याचं बोट कुठंय?" मला सांगता आलं नाही. राहिलेली वीस मिनिटं सगळ्या वर्गाने टॅब उघडून मूळ शोधलं. एका लेखातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि तिसऱ्यात कशाचाच आधार नव्हता. घंटा झाल्यावरही चौघं जण शोधत बसले होते.