लक्षद्वीपचा खासदार ही उधळपट्टी नव्हे

लोकसभा निवडणुकीचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. जेमतेम ५७ हजार मतदारांच्या लक्षद्वीपला एक खासदार आणि ३० लाखांहून अधिक मतदारांच्या तेलंगणातील मलकाजगिरीलाही एकच, हा अन्याय आहे. बेटांवरची निवडणूक नावापुरती असते, जागा एकाच घराण्याची आहे. म्हणून ही बेटे केरळातील एखाद्या मतदारसंघाला जोडावीत, असा त्याचा आशय असतो.

आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र टिकत नाही. लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण सारखे राखण्याचा नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद ८१ने घातला आहे तो राज्यांसाठी. ६० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्यांना त्यातूनही सूट आहे. केंद्रशासित प्रदेशांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद त्याच अनुच्छेदात स्वतंत्रपणे केलेली असून तिचा तपशील संसदेने कायद्याने ठरवायचा असतो.

शिवाय ही तुलनाच अपुरी आहे, आणि मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातला मतदार खासदाराबरोबर आमदारही निवडतो आणि ते आमदार राज्यसभेवर १९ सदस्य पाठवतात. लक्षद्वीपला विधानसभा नाही, राज्यसभेत जागा नाही. कारभार राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक पाहतो, आणि अनुच्छेद २४०नुसार राष्ट्रपतींनी काढलेले विनियम तिथे संसदेच्या कायद्याइतकेच बंधनकारक ठरतात. २०२१मध्ये जमिनीच्या विकासासंबंधी आणि दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीतून वगळण्यासंबंधी विनियमांचे मसुदे आले, तेव्हा बेटांवर प्रचंड अस्वस्थता पसरली. पण ते ज्या सभागृहात अडवता येतील असे सभागृहच तिथे नव्हते. पंचायतीच्या वर लोकांनी स्वतः निवडलेला माणूस एकच, तो म्हणजे खासदार. आणि १९६७पूर्वी तर तोही राष्ट्रपतीच नेमत असत. मतांच्या समानतेची खरोखर काळजी असणाऱ्यांनी आधी या बेटांसाठी विधानसभा मागावी.

घराण्याचा आरोप निम्मा खरा आहे. पी. एम. सईद १९६७पासून सलग दहा वेळा निवडून आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच सईदांना २००४मध्ये याच मतदारांनी ७१ मतांनी घरी बसवले. त्यानंतर जागा जनता दल (संयुक्त), काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस अशी फिरत राहिली. २०१९चा निकाल ८२३ मतांनी लागला, आणि २०२४मध्ये सईदांचे पुत्र हमदुल्ला सईद यांनी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे मोहम्मद फैजल यांना २,६४७ मतांनी हरवले. त्याच निवडणुकीत अजित पवार गटाच्या उमेदवाराला २०१ मते मिळाली. आपल्याकडे ज्या फुटीवर वर्षभर रणे माजली, तिच्याविषयी बेटांवरच्या मतदाराने आपला निवाडा स्वतंत्रपणे दिला. अशा निवडणुकीला नावापुरती म्हणता येणार नाही.

राहिला केरळला जोडण्याचा प्रस्ताव. तिथल्या एका मतदारसंघात साधारण १३-१४ लाख मतदार असतात. त्यांत बेटांचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास राहील. लक्षद्वीपमधले मिनिकॉय बेट कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे मल्याळम नव्हे, तर मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी महल बोलली जाते. लक्षद्वीपची ९४ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींत मोडते, म्हणून ही जागा त्यांच्यासाठी राखीव आहे. विलीनीकरणानंतर त्या आरक्षणाला आधारच उरणार नाही.